तिकिटावर अण्णा भाऊ, टपालात काय?

१ ऑगस्ट २००२ रोजी भारतीय टपाल खात्याने अण्णा भाऊ साठे यांच्या स्मरणार्थ चार रुपयांचे टपाल तिकीट काढले. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या, शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या आणि मुंबईच्या रस्त्यांवरील पाट्या वाचत अक्षरे शिकलेल्या कादंबरीकाराला शासनाने महापुरुषांच्या पंक्तीत बसविले. या घटनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या समाजाला ब्रिटिश कायद्याने गुन्हेगार ठरविले, गावगाड्याने वेशीबाहेर ठेवले आणि ज्याची सावलीही सवर्णांना विटाळ वाटत होती, त्या समाजातील माणसाचा चेहरा देशातील कोणत्याही टपाल कचेरीच्या खिडकीतून विकला जावा, यात त्या समाजातील तरुणांना अभिमान वाटला तर तो योग्यच आहे.

परंतु सन्मान करणारा कोण आणि त्याने सन्मान कशाचा केला, हा प्रश्न या अभिमानाने मिटत नाही.

अण्णा भाऊ हयात असताना याच शासनसंस्थेशी त्यांचा संबंध कसा होता? गिरणीत राबलेला आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात चळवळीचे धडे घेतलेला हा कामगार १९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करतो आणि कामगारवस्त्यांतून त्याचे पोवाडे घुमू लागतात, तेव्हा राज्यकर्त्यांना त्यात कला दिसली नाही, धोका दिसला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या कलापथकावर बंदी घातली. ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला हे खरे, पण त्या पुरस्काराने लेखकाची चूल पेटली नाही. तीसहून अधिक कादंबऱ्यांचा हा कर्ता घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत लिहीत राहिला आणि १८ जुलै १९६९ रोजी विपन्नावस्थेत वारला. त्यानंतर तब्बल ३३ वर्षांनी शासनाला त्याचा चेहरा तिकिटावर छापण्याजोगा वाटला. जिवंत अण्णा भाऊ प्रश्न विचारीत होते, तिकिटावरचे अण्णा भाऊ विचारीत नाहीत, हे या विलंबाचे खरे रहस्य आहे.

प्रस्थापितांची ही जुनी रीत आहे. बंडखोराला दडपता येते तोवर दडपावे, आणि ते जमेनासे झाले की त्याचा पुतळा उभारावा. ‘फकिरा’चा नायक दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटतो. भुकेपुढे मालमत्तेचा कायदा टिकत नाही, हा त्या कादंबरीचा गाभा आहे. २ मार्च १९५८ रोजी मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे, असा विचार त्यांनी मांडला होता. आज त्यांच्या जयंतीला हार घालण्यासाठी रांगा लावणाऱ्या किती पुढाऱ्यांना हा विचार पेलणार आहे? त्यांना हवे आहेत ते मतपेढीचे अण्णा भाऊ. म्हणून त्यांच्यातला कम्युनिस्ट वगळायचा, कामगार वगळायचा आणि उरलेले जातीचे नाव तेवढे फलकावर मोठ्या अक्षरात रंगवायचे, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहाराचा सर्वांत हिडीस नमुना महाराष्ट्राने पाहिला आहे. मातंग समाजाच्या आर्थिक उन्नतीसाठी १९८५ साली अण्णा भाऊंच्या नावाने विकास महामंडळ स्थापन झाले. २०१५ साली याच महामंडळातील शेकडो कोटी रुपयांच्या अपहाराच्या आरोपावरून त्याच्या माजी अध्यक्षाला अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण गरिबाला कर्ज देण्यासाठी काढलेल्या तिजोरीवर त्या गरिबाची कोणतीच देखरेख नव्हती, हे सांगायला न्यायालयाची गरज नाही. नाव अण्णा भाऊंचे आणि किल्ल्या सत्ताधाऱ्यांच्या हाती, अशी ती रचना होती.

आता तिकीट काढणाऱ्या खात्याकडे वळू. लेखकाचा खरा सन्मान त्याचे पुस्तक वाचकाच्या हाती पडण्यात असतो. खेड्यातील शिक्षक, तालुक्याचे वाचनालय आणि चळवळीचा लहान प्रकाशक यांना जोडणारा स्वस्त दुवा म्हणजे नोंदणीकृत पुस्तक टपाल. टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये ही सेवा एकाएकी बंद केली. पाच किलो पुस्तके ८० रुपयांत देशभर जात होती, तेवढ्याच वजनाला साध्या नोंदणी पार्सलाचे २२९ रुपये मोजण्याची पाळी आली. प्रकाशकांनी व वाचकांनी ओरड केल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची नवी सेवा सुरू झाली. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोला १०० रुपये, वर कर निराळा. नियतकालिकांना तिचा दरवाजा बंदच आहे. म्हणजे आधी हक्क काढून घ्यायचा आणि मग तोच अधिक दामाने, अटी घालून, उपकार म्हणून परत द्यायचा!

टपाल खात्याला तोटा होतो, असे यावर सांगितले जाईल. होत असेल. पण टपाल खाते ही नफ्यासाठी मांडलेली पेढी नव्हे. बड्या उद्योगपतींची थकलेली कर्जे बँकांच्या हिशेबातून निर्लेखित होतात, तेव्हा हा काटकसरीचा विवेक कोठे जातो? पुस्तकाच्या टपालावरील सवलत ही खैरात नाही. ज्याच्या गावात पुस्तकांचे दुकान नाही, त्या नागरिकाचा तो शिक्षणाचा हक्क आहे.

म्हणून येत्या १ ऑगस्टला कार्यकर्त्यांनी केवळ प्रतिमापूजनावर थांबू नये. ज्ञान पोस्टचा दर जुन्या दराइतका खाली आणावा, तीत नियतकालिकांना जागा द्यावी, ‘फकिरा’ची स्वस्त आवृत्ती शासनाने काढून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या वाचनालयात पोचवावी आणि महामंडळाच्या कारभारावर लाभार्थींच्या प्रतिनिधींची देखरेख असावी, या मागण्यांचे ठराव वस्त्यावस्त्यांतून करून टपाल अधीक्षक व जिल्हाधिकारी यांच्याकडे पाठवावेत. आणि त्याच दिवशी वस्तीतल्या चार माणसांना एकत्र बसवून ‘फकिरा’ मोठ्याने वाचावी. ती ऐकल्यावर लोक जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे देण्याची तयारीही ठेवावी. पाटीवरून अक्षरे शिकलेल्या लेखकाचे ऋण असेच फेडता येते. चार रुपयांच्या तिकिटाने ते फिटलेले नाही.