पुढची स्पर्धा कुठे, ते वेळेत तरी सांगा

प्रति,
माननीय पदाधिकारी,
महिला टेनिस संघटना (डब्ल्यूटीए)

मी टेनिसची साधी प्रेक्षक आहे. वर्षभराच्या गुणांवर निवडलेल्या आठ जणींची जी अखेरची स्पर्धा आपण भरवता, तिच्यासाठी वेळी-अवेळी टीव्हीसमोर बसणाऱ्यांपैकी एक. पुरस्कर्त्यांना आपण जे प्रेक्षक मोजून दाखवता, त्यांत मीही येते. तेव्हा काही प्रश्न विचारण्याचा हक्क मला आहे, असे मी धरून चालते.

2023 मध्ये ही स्पर्धा आपण मेक्सिकोतल्या कॅनकूनला, ऐन वादळांच्या मोसमात, एका हॉटेलच्या आवारात उभारलेल्या तात्पुरत्या स्टेडियमवर घेतली. मुख्य कोर्टवर सराव करायला मिळाला तो स्पर्धेच्या आदल्या दिवशी. पुढचे आपण पाहिलेच आहे. सर्व्हिससाठी वर टाकलेला चेंडू वारा ओढून नेत होता आणि खेळाडू तो पुन्हा पुन्हा हातात झेलत होत्या. पाऊस थांबला की माणसे कोर्ट कोरडे करायला धावत होती. उपांत्य सामना 2-1 वर थांबला, तो दुसऱ्या दिवशी संपला. अंतिम सामना सोमवारवर गेला. या कोर्टवर चेंडूची उसळी एकसारखी नाही, इथे हालचाल करताना सुरक्षित वाटत नाही, असे त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या सबालेन्काने जाहीरपणे सांगितले. ते सांगण्याची वेळ तिच्यावर का यावी? कोर्ट तपासून घेणे हे कुणाचे काम होते?

त्या वर्षी ठिकाण जाहीर झाले सप्टेंबरात. स्पर्धा सुरू झाली 29 ऑक्टोबरला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या फोर्ट वर्थचेही तेच. तिथल्या अवाढव्य हॉलमधल्या रिकाम्या खुर्च्या सगळ्या जगाला दिसल्या. दोन महिनेही हाताशी नसतील तर व्हिसा, विमान, रजा यांची जुळवाजुळव कोण करणार? उलट, पुरुषांची वर्षअखेरीची स्पर्धा 2021 पासून तुरिनला होणार, हे 2019 मध्येच जाहीर झाले होते. त्याआधी ती सलग बारा वर्षे लंडनला होती. बायकांचे टेनिस कुणी बघत नाही, असे आता कुणी म्हणू नये. 1979 ते 2000 हीच स्पर्धा न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होत होती. 1990 मध्ये सेलेस आणि सॅबातिनी तिथे अंतिम सामन्यात पाच सेट खेळल्या. होय, पाच.

चीनमधल्या शेन्झेनची आठवण करून द्यायला नको. ही स्पर्धा तिथे भरवण्याचा करार दहा वर्षांचा होता. 2019 मध्ये अ‍ॅश्ले बार्टीला 44 लाख 20 हजार डॉलरचे बक्षीस मिळाले, तेव्हा आपण किती अभिमानाने ते सांगत होतात! स्पर्धा तिथे झाली एकदाच. सगळा डाव एका शहराच्या पैशावर लावताना तो फसला तर काय, याचा विचार कुणी केला होता का? कारण त्यानंतर झालेल्या दोन स्पर्धांत एकूण बक्षीस 1 कोटी 40 लाखांवरून 50 लाख डॉलरवर आले. त्याची झळ पदाधिकाऱ्यांना नाही, खेळाडूंना बसली.

आणि चीनची टेनिसपटू पेंग शुआई. 2014 मध्ये सिंगापूरला सानिया मिर्झा आणि कारा ब्लॅक यांनी याच स्पर्धेतले दुहेरीचे विजेतेपद मिळवले, तेव्हा नेटपलीकडे ती होती. म्हणून आम्हा भारतीय प्रेक्षकांना तिचा चेहरा ओळखीचा. नोव्हेंबर 2021 मध्ये तिने चीनच्या एका माजी उपपंतप्रधानांवर लैंगिक अत्याचाराचा आरोप करणारी पोस्ट लिहिली आणि ती पोस्ट दिसेनाशी झाली. आपण चीनमधल्या सगळ्या स्पर्धा थांबवल्या. पारदर्शक चौकशी हवी आणि तिची प्रत्यक्ष भेट हवी, अशी आपली मागणी होती. त्या दिवशी आपल्याबद्दल मनापासून आदर वाटला. एप्रिल 2023 मध्ये आपण परत जाण्याचा निर्णय जाहीर केला. चौकशी झाली नाही. भेटही झाली नाही. मग नेमके बदलले काय?

मग सौदी अरेबियातल्या रियाधशी करार, 2024 ते 2026. बक्षीस पुरुषांच्या बरोबरीने झाले आणि ते व्हायलाच हवे होते. त्याबद्दल तक्रार नाही. पण गाडी चालवण्याचा हक्क मागणाऱ्या स्त्रियांना ज्या देशाने तुरुंगात टाकले, तिथे जाताना आपण काय मागून घेतलेत? माजी टेनिसपटू ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोव्हा यांनी करार होण्याआधीच जाहीर लेख लिहून आपल्याला विरोध कळवला होता. उत्तर मिळण्याइतपत तरी या दोघींचा अधिकार आहे ना? समलिंगी खेळाडूंच्या सुरक्षिततेची हमी तोंडी आहे की करारात लिहिलेली?

रियाधनंतरचे ठिकाण ठरवताना निकष कोणते लावलेत, ते प्रसिद्ध करा. ठिकाण किमान दोन वर्षे आधी सांगा. आणि कोर्टवर आठवडाभर आधी खेळाडूंना पाऊल ठेवता येईल, एवढी अट करारात घाला. यातली कुठली मागणी अवास्तव आहे, तेवढे कळवावे.

आपली,
एक प्रेक्षक