साम्य म्हणजे संरक्षण नव्हे

‘ज्यांनी हिवताप पचवला, त्यांना कोरोना काय करणार?’ असा युक्तिवाद २०२० साली पुष्कळांनी केला. तो ऐकायला गोड असला, तरी मला धोक्याचा वाटतो.

त्याला काहीच आधार नाही असे नव्हे. एका जंतूविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे कधी कधी दुसऱ्याच जंतूच्या प्रथिनाला चिकटतात. कारण दोहोंच्या रचनेचा एखादा भाग सारखा असतो. गायीच्या देवीची लस माणसाच्या देवीला रोखते ती अशा साम्यामुळेच.

पण हेच साम्य घातही करते. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंविरुद्ध उठलेली प्रतिपिंडे कधी कधी रुग्णाच्याच हृदयाच्या झडपांवर उलटतात. आणि हिवतापाचे काय? आफ्रिकेत कोरोनापूर्वी साठवलेल्या रक्ताच्या काही नमुन्यांतही कोरोनाची प्रतिपिंडे ‘सापडली’! संशय आला तो हिवतापाच्या प्रतिपिंडांवर. म्हणजे त्यांनी माणसाला वाचवले हे सिद्ध झाले नाही. चाचणीला मात्र चकवले. विषाणूला चिकटणे वेगळे, त्याला निकामी करणे वेगळे.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. उपमेवर आपले प्रेम. पण उपमा म्हणजे पुरावा नव्हे. १७९६ साली एडवर्ड जेन्नर साम्यावर विसंबला नाही. लस दिलेल्या मुलाला पुढे त्याने खऱ्या देवीचा स्राव टोचून पाहिला. आजच्या नीतीला ती रीत मानवणार नाही. पण पारखल्याशिवाय विश्वासायचे नाही, ही त्यामागची वृत्ती आपण अवश्य घ्यावी. खोट्या दिलाशाची किंमत शेवटी कोणाच्या तरी प्राणांनी चुकवावी लागते.