कप्तानाच्या बाजूने वाचताना

6 मे 1801 रोजी बार्सिलोनाजवळच्या समुद्रात ‘स्पीडी’ नावाचं इंग्रजांचं चिमुकलं लढाऊ जहाज ‘एल गामो’ या स्पॅनिश जहाजाला जाऊन भिडलं. स्पीडीवर माणसं 54 आणि तोफा 14, त्याही जेमतेम चार पौंडी गोळा टाकणाऱ्या. समोर 319 माणसं आणि 32 तोफा. कप्तान टॉमस कॉक्रेनने आपलं जहाज शत्रूला इतकं खेटून उभं केलं की स्पॅनिश तोफांचे गोळे त्याच्या डोक्यावरून निघून जाऊ लागले आणि त्याच्या तोफा मात्र खालून वर मारा करत राहिल्या. मग सुकाणूवर जहाजाच्या डॉक्टरला उभं करून बाकीचे सगळे गामोवर चढले आणि ते जहाज ताब्यात घेतलं. कुणी हे मनाने रचून लिहिलं असतं, तर संपादकाने ‘जरा अतीच झालं’ म्हणून बाड परत पाठवलं असतं.

पॅट्रिक ओब्रायनने 1969 मध्ये ही लढाई, नावं बदलून, जवळपास जशीच्या तशी ‘मास्टर अँड कमांडर’मध्ये घातली. कप्तान जॅक ऑब्री आणि डॉक्टर स्टीफन मॅट्युरिन या जोडीवर त्याने पुढे एकूण 20 कादंबऱ्या पुऱ्या केल्या. अर्धवट राहिलेली एकविसावी त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. त्याच्या आधी, 1937 पासून, सी. एस. फॉरेस्टरचा हॉर्नब्लोअर होता. त्याच्याही शंभर वर्षं आधी फ्रेडरिक मॅरियट होता, आणि तो तर पोरवयात खुद्द कॉक्रेनच्याच हाताखाली जहाजावर राबला होता. शिडांची लढाऊ जहाजं केव्हाच मोडीत निघाली, पण त्यांच्या गोष्टींचा वाचक काही हटत नाही. असं काय आहे त्यांत?

एक उत्तर तयारच असतं: साम्राज्य गेलं, त्याचा हा गोड उसासा. त्यात तथ्य नाही असं नाही. पण ओब्रायनला खरी कीर्ती मिळाली ती 1990 नंतर अमेरिकेत. त्याच्या काही कादंबऱ्यांत 1812च्या युद्धातले अमेरिकी हे शत्रू आहेत, एकीत तर ऑब्री बॉस्टनमध्ये कैदेत पडतो. आपल्याच पूर्वजांशी लढणाऱ्या कप्तानाची ज्यांना काळजी वाटते, त्या वाचकांना इंग्रजी साम्राज्याचा उमाळा आला होता असं म्हणणं अवघड आहे.

आमच्या मते खरी ओढ कामाची आहे. मॅरियटच्या ‘पीटर सिंपल’मधला (1834) एक प्रसंग पाहा. वादळी वारा समुद्रावरून जमिनीकडे सुटला आहे, जहाज खडकाळ किनाऱ्यालगत कोंडलं गेलं आहे आणि तोंड फिरवायला पुरेशी जागा नाही. जहाज वाऱ्यात नाळ घालतं आणि मध्येच रेंगाळतं. नेमक्या त्या क्षणी नांगर सोडायचा. तो तळाला रुतला की दोराला ताण बसतो आणि नाळ वळते. शिडं दुसऱ्या अंगाने भरली रे भरली की कुऱ्हाडीने दोर तोडायचा. आधी तोडला तर जहाज वळत नाही, उशीर झाला तर तिथेच अडकतं. नांगर कायमचा समुद्रात जातो. हे जमायला शेकडो माणसांचे हात एका हाकेवर चालावे लागतात. कोकणातल्या एखाद्या तांडेलाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. पुण्याच्या वाचकाला दोरांची निम्मी नावं कळत नाहीत, तरी त्याचा श्वास अडकतोच. स्वतःच्या कचेरीत सहा बैठका होऊनही एक पत्र सुटत नाही, हे त्याला माहीत असतं.

दुसरी ओढ अंतराची. 1812चं युद्ध थांबवणारा ब्रिटन-अमेरिकेचा तह 24 डिसेंबर 1814 ला झाला आणि न्यू ऑर्लिन्सची लढाई 8 जानेवारी 1815 ला, कारण बातमी अजून समुद्रावरच होती. असल्या जगात कप्तानाला वरून विचारून घेण्याची सोयच नाही. निर्णय त्याचा, गळफासही त्याचाच.

पण याच मोहिनीत तिचा खोटेपणाही आहे. गोष्ट कप्तानाच्या खांद्यावरून दिसते, म्हणून जहाजाच्या पोटातला माणूस धूसर होतो. सात वर्षांच्या युद्धात ब्रिटिश आरमाराने सुमारे 1,85,000 माणसं भरती केली. लढाईत मेली 1,512. रोगाने मेलेली आणि बेपत्ता झालेली मिळून सुमारे 1,33,700. म्हणजे कादंबरीभर गाजणाऱ्या तोफा हा त्या मृत्यूंमधला किरकोळ भाग होता. बंदरातून जबरीने ओढून आणलेल्या खलाशांचा पगार 1658 पासून वाढला नव्हता. 1797 मध्ये स्पिटहेडला त्यांनी जहाजं हाकारायला नकार दिला, तेव्हा कुठे तो वाढला. चांगला कप्तान भेटला की वाचक ही सगळी व्यवस्थाच चांगली मानू लागतो, आणि या कादंबऱ्यांवरचा हा आक्षेप आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो. बायका तर बहुतेक किनाऱ्यावरच राहतात. ती बाजू हवी असेल, तर दोन भाऊ आरमारात असलेल्या जेन ऑस्टेनची ‘पर्स्वेजन’ वाचावी.

मराठी वाचकाची अडचण आणखी वेगळी आहे. फेब्रुवारी 1756 मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार काही तासांत जळून गेलं. (पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होते, हेही लिहायला हवं.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हर्बर्ट स्ट्रँग या नावाने इंग्रज मुलांसाठी लिहिलेल्या ‘इन क्लाइव्ह्ज कमांड’मध्ये हेच आंग्रे क्रूर चाचे म्हणून येतात. गंमत अशी की, कान्होजी आंग्रे दस्तक, म्हणजे परवाना, नसलेलं जहाज पकडत तेव्हा ती चाचेगिरी. ब्रिटिश कप्तान जहाज पकडे तेव्हा आरमारी न्यायालय त्यावर शिक्का मारी आणि 1808 पूर्वीच्या वाटणीत किमतीचे आठातले तीन भाग कप्तान आणि त्याचा अॅडमिरल मिळून घेत. साहसकथेतला नायक श्रीमंत होतो तो याच वाटेने.

मग या कादंबऱ्या बाजूला ठेवाव्यात का? नाही, आणि हे औदार्याने म्हणत नाही. त्यांतल्या चांगल्या कादंबऱ्यांत आक्षेप घेणारा माणूस जहाजावरच असतो. मॅट्युरिन अर्धा आयरिश, अर्धा कॅटलन. 1798च्या आयरिश उठावाच्या वर्तुळातून आलेला. ऑब्रीच्या हुकमतीवर त्याची जीभ सतत चालते. मालिकेतल्या तिसऱ्या कादंबरीत तो मुंबईला येतो. दिल नावाची एक छोटी मुलगी त्याला शहर दाखवते, तिला चांदीच्या बांगड्या हव्या असतात, तो देतो, आणि त्याच बांगड्यांसाठी तिचा खून होतो. दयाळू पाहुण्याच्या दानाचाही हिशेब लेखक चुकता करतो. तरीही एक कुरबूर उरते: मुंबईतली ही एवढी जिवंत मुलगी पाहुण्याच्या शिक्षणापुरतीच जगते. खुद्द कॉक्रेनही कादंबरीतल्या नायकाइतका सोपा नव्हता. 1814 मध्ये शेअरबाजारातल्या फसवणुकीबद्दल त्याला दोषी ठरवून आरमारातून काढलं. पुढे तो चिली, ब्राझील आणि ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी लढला. ओब्रायनने ती बदनामीही ऑब्रीच्या माथी मारली आहे.

राहता राहिला प्रश्न आपला. मराठी ऐतिहासिक कादंबरी घोड्यावरून सहसा उतरत नाही. दोष फक्त लेखकांचा नाही. ब्रिटिश जहाजांवर वारा, दिशा, शिडं यांची सतत नोंद होई आणि त्या वह्या जपून ठेवल्या गेल्या. ओब्रायनने दक्षिण फ्रान्समधल्या कोलियूरमध्ये बसून लिहिलं ते असल्या कागदांच्या भरवशावर. त्याला स्वतःला शीड किती हाताळता येत होतं, यावर पुढे शंका घेतल्या गेल्या. आंग्र्यांच्या लढायांचे तपशील आपल्याला बरेचसे शत्रूच्या लेखणीतून मिळतात. उदाहरणार्थ, क्लेमेंट डाउनिंगचं 1737चं पुस्तक. ते उलट बाजूने वाचायची तयारी असलेल्या लेखकाला तिथे बरंच सापडेल: वारा पडला की गलबतं वल्ह्यांच्या जोरावर गुराब नावाच्या मोठ्या लढाऊ जहाजांना ओढून नेत आणि शत्रूच्या पिछाडीवर, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथून मारा करत. ती कादंबरी सरखेल आंग्र्यांच्या खांद्यावरूनच लिहिली गेली, तर फक्त झेंडा बदलेल. वल्ह्यावर बसलेल्या माणसाला किती मिळे, तो आपखुशीने आला होता की धरून आणलेला, हे त्या लेखकाला आधी शोधून काढावं लागेल.