रम कोण? पट्टी समोर होती, तरी मी चुकलो

आज जीएसटी नाही, मार्केटिंग नाही. आज गोशो आओयामांची 'डिटेक्टिव्ह कोनान' ही जपानी मांगा, 1994पासून चालू असलेली. (रमचा उलगडा अजून वाचला नसेल तर इथेच थांबा.)

काळ्या संघटनेतला दोन नंबरचा माणूस म्हणजे रम. त्याचा एक डोळा नकली, एवढी खबर होती. संशयित तीन: पोलीस अधिकारी कुरोदा, शाळेतल्या वाकासा बाई आणि सुशीवाला वाकिता. तिघांच्याही डोळ्यांत काहीतरी गडबड. वाकिताच्या डाव्या डोळ्यावर तर सरळ पट्टीच!

म्हणूनच बऱ्याच जणांनी, माझ्यासकट, त्याला यादीतून काढलं. इतकं सोपं थोडंच असणार? मी कुरोदावर अडून बसलो. का, तर चेहरा. भाजल्याची खूण, राकट नजर. पुरावा शून्य.

काही वाचकांनी मात्र नावाची अक्षरं मांडून बघितली. 'वाकिता कानेनोरी' रोमन लिपीत लिहा, अक्षरं फिरवा, 'तोकी वा काने नारी' निघतं. वेळ म्हणजे पैसा! रमच्या मेसेजमध्ये हीच म्हण आधी येऊन गेली होती. मीही तो मेसेज वाचला होता, बरं का.

तर्क लढवणं टाइमपास आहे असं मला वाटत नाही. पण कुरोदासारखाच तर्क मी दुकानात लढवलाय. गल्ल्यात आठशे रुपये कमी आले, मी नवीन पोराला सगळ्यांसमोर विचारलं. रात्री पावती माझ्याच वहीत सापडली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. फोन केला, उचलला नाही.