वायुक्षेत्राला नाव वसईचे, हिशेबात मच्छिमार कुठे?

वसई : इंग्रजी अमदानीत वसईला 'बसीन' म्हणत. त्याच नावाचे एक वायुक्षेत्र अरबी समुद्रात, मुंबईपासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर आहे. १९७४ मध्ये 'बॉम्बे हाय'चा शोध लागला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, तेल व नैसर्गिक वायू आयोगाला (आजचे महामंडळ, म्हणजेच ओएनजीसी) या क्षेत्रात वायूचा मोठा साठा आढळला. हा वायू समुद्रतळावरील वाहिनीतून गुजरातेतील हजिऱ्याला नेण्यात आला आणि तेथून हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीने मध्य प्रदेश व उत्तर प्रदेशातील खत कारखान्यांपर्यंत पोहोचला. देशाच्या अन्नधान्य उत्पादनात या वायूचा वाटा मोठा आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या गावाचे नाव या क्षेत्राला मिळाले, त्या गावच्या कोळ्यांशी तेल उद्योगाचे नाते नेमके काय, हा प्रश्न विचारला तर उत्तर चटकन सापडत नाही.

वसईच्या किल्ल्याला लागून, खाडी समुद्राला मिळते त्या मुखाशी पाचूबंदर हे कोळ्यांचे गाव आहे. बोंबील, करंदी, जवळा, मांदेली ही येथील डोल जाळ्यांत येणारी मासळी. डोल जाळे बोटीमागे ओढले जात नाही. समुद्रतळात ठोकलेल्या खुंटांना ते बांधले जाते आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासळी आपोआप त्यात शिरते. म्हणजेच या मासेमारीला ठरलेली जागा लागते. या जागेला 'कव' म्हणतात. कोणाची कव कुठे, हे पिढ्यानपिढ्या ठरलेले असते. मात्र सातबाऱ्यावर ते कुठेही नोंदलेले नसते. सारी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

तेल व वायूच्या शोधासाठी समुद्रात भूकंपीय सर्वेक्षण केले जाते. सर्वेक्षण करणारे जहाज हवेच्या दाबाने पाण्यात स्फोट घडविते आणि समुद्रतळाखालील थरांवरून परतणारे ध्वनी कित्येक किलोमीटर लांबीच्या तारांद्वारे टिपते. या तारा जहाजाच्या मागे ओढल्या जात असल्याने जहाजाला सहज वळता येत नाही, थांबता येत नाही. त्यामुळे सर्वेक्षणाच्या मार्गात जाळी नकोत, खुंट नकोत, बोटी नकोत, असा आग्रह असतो. त्यासाठी सोबतीला रक्षक बोटी फिरत असतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने हे काम होत नाही. ते होते पावसाळा संपल्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, आणि नेमका तोच मासेमारीचा हंगाम असतो. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीला बंदी असते. ती उठून समुद्र शांत होऊ लागतो तोच सर्वेक्षणाचीही वेळ येते. बोट बांधण्यासाठी काढलेले कर्ज, डिझेल, बर्फ, खलाशांची आगाऊ रक्कम हा सारा खर्च हंगामाच्या तोंडाशी झालेला असतो. अशा वेळी आठवडाभर जरी कव मोकळी ठेवावी लागली, तरी नुकसान थेट नाखव्याच्या आणि खलाशांच्या घरात पोहोचते.

एरवी ओढण्याच्या जाळ्याची बोट दुसरीकडे जाऊन जाळे टाकू शकेल. डोलीला ती सोय नाही. जाळे काढून आणता येईलही, पण कव उचलून नेता येत नाही आणि शेजारची जागा दुसऱ्याची असते. त्यामुळे पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छिमार संघटनांनी सर्वेक्षणाच्या काळात वेळोवेळी विरोध केला आणि नुकसानभरपाई मागितली, यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. आश्चर्य वाटावे असे दुसरेच काही आहे. ही मागणी कोणत्या कायद्याखाली, कोणापुढे करावयाची, हे इतक्या वर्षांनंतरही स्पष्ट नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत याचे मूळ आहे. मत्स्यव्यवसाय हा विषय राज्य सूचीत आहे. प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी केंद्र सूचीत आहे. तेलक्षेत्रे आणि खनिज तेल हा विषयही केंद्राचाच. पाचूबंदरच्या बोटीला परवाना मिळतो तो राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानुसार. तेल कंपनीला भाडेपट्टा मिळतो तो केंद्राच्या १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्याच्या चौकटीत. दोघे एकाच पाण्यात काम करतात, परंतु एकाही कागदावर त्यांची भेट होत नाही. मच्छिमाराने तक्रार केली तर मत्स्यव्यवसाय खाते म्हणते विषय केंद्राचा; आणि केंद्राच्या कार्यालयात पाचूबंदरचा माणूस जाणार तरी किती वेळा? हा १९४८ चा कायदा २०२५ मध्ये सुधारण्यात आला. त्यावेळची चर्चा प्रामुख्याने गुंतवणूकदारांना भाडेपट्ट्याच्या अटींचे स्थैर्य कसे द्यावे, याभोवती फिरली.

त्याआधी जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आणखी एक बदल केला होता. समुद्रातील व जमिनीवरील तेल-वायूच्या शोधाचे प्रकल्प 'ब-२' या वर्गात टाकण्यात आले. या वर्गातील प्रकल्पांना सविस्तर पर्यावरणीय आघात अभ्यास आणि जनसुनावणी लागत नाही. जनसुनावणी हा अनेकदा केवळ उपचार असतो, हे मान्य केले तरी कंपनीच्या अधिकाऱ्याला कोळ्यांसमोर उभे राहून प्रश्नांना तोंड द्यावे लागे, असा तो एकमेव प्रसंग होता. शोधाच्या टप्प्यापुरता तोही उरला नाही.

येथे आदिवासींशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथील वारली, मल्हार कोळी, महादेव कोळी या समाजांना १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेचे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील हक्कांचे हत्यार दिले आहे. हत्यार बोथट आहे, ही तक्रार खरी. तरीही ओडिशातील नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपविला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, तेव्हा 'वेदांत'सारख्या कंपनीला माघार घ्यावी लागली. गडचिरोलीतील सूरजागडच्या लोहखाणीचा अनुभव वेगळा आहे. तेथे २००७ मध्ये भाडेपट्टा मिळालेल्या लॉइड्स मेटल्स कंपनीने पुढे स्थानिकांना रोजगार दिला, कोनसरीत पोलाद प्रकल्प उभारला, कर्मचाऱ्यांना समभागही देऊ केले. तरीसुद्धा डोंगरावरील ठाकूरदेवाचे स्थान आणि ग्रामसभांची संमती हे प्रश्न परिसरातील अनेकांच्या मनात मिटलेले नाहीत. मात्र तेथे हा वाद घालण्यासाठी 'ग्रामसभा' नावाचा मंच कायद्यात तरी आहे.

पाचूबंदरला तोही नाही. सागरी कोळी स्वतःला या किनाऱ्याचे मूळ रहिवासी मानतात आणि इतिहासही त्याला दुजोरा देतो. पण सोनकोळी, ख्रिस्ती कोळी हे अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. शिवाय २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाल्यापासून पाचूबंदर महापालिकेच्या हद्दीत आहे. त्याआधीही ते नगरपालिकेतच होते. जेथे ग्रामपंचायतच नाही तेथे ग्रामसभा कुठली? गावाच्या वतीने बोलणारी संस्था म्हणजे मच्छिमारांची सहकारी सोसायटी, आणि तिचे मूळ काम डिझेल, बर्फ व कर्ज यांची व्यवस्था पाहणे हे आहे.

नुकसानभरपाईच्या बाबतीत मच्छिमारांच्या बाजूने काहीच घडलेले नाही असे नव्हे. उरण-पनवेल परिसरातील पारंपरिक मच्छिमारांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये दिलेला निकाल या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यावेत, असा तो आदेश होता. म्हणजे कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार रुपये. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. परंतु जमीन नावावर नसलेल्या माणसाचेही पाण्यातील उपजीविकेचे नुकसान मोजता येते आणि त्याची किंमत सार्वजनिक उपक्रमांकडून मागता येते, हे तत्त्व तेथे मांडले गेले. त्यानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने बाधित मच्छिमारांसाठी भरपाईचे धोरण आखण्यास सरकारला सांगितले आणि २०२३ मध्ये राज्याने तसे धोरण आणले.

ही दोन्ही प्रकरणे खाडीची आणि किनाऱ्याची आहेत. भराव दिसतो, पुलाचा खांब दिसतो, बुजलेली खाडी मोजता येते. खोल समुद्रात सर्वेक्षणाचे जहाज येते आणि निघून जाते, मागे मोजण्याजोगे काही उरत नाही. मासळी कमी झाली ती सर्वेक्षणामुळे, पर्ससीन बोटींच्या बेसुमार मासेमारीमुळे, प्रदूषणामुळे की तापलेल्या समुद्रामुळे, हे सिद्ध करण्याचा भार मच्छिमारावरच पडतो. राज्याचे धोरणही राज्याच्या अधिकाराइतकेच लांब पोहोचणार. १२ सागरी मैलांपलीकडे त्याचा उपयोग मर्यादित.

तेलकंपन्यांच्या बाजूनेही एक अडचण मांडता येते आणि ती अगदीच खोटी नाही. बोलावयाचे ते कोणाशी? वसई, उत्तन येथील डोलवाले आणि सातपाटी, डहाणूकडील दालदी जाळी लावणारे मच्छिमार यांच्यात कवींवरून जुना वाद आहे. दक्षिणेकडील मच्छिमारांनी उत्तरेच्या समुद्रात खुंट ठोकल्याने आपले क्षेत्र आक्रसले, अशी सातपाटीकरांची तक्रार. तर कव ही आमची परंपरागत वहिवाट, हे वसईकरांचे उत्तर. अशा स्थितीत एका सोसायटीशी कंपनीने समझोता केला तर दुसरी सोसायटी नाराज होणार. पण म्हणून कोणाशीच कायमचे बोलणे ठेवायचे नाही आणि मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत 'अमुक तारखेपासून अमुक क्षेत्रात जाऊ नये' अशी सूचना पाठवून मोकळे व्हायचे, ही पद्धत कितपत योग्य? कवींचा नकाशा सरकारने मच्छिमारांच्या साक्षीने एकदा तयार केला, तर गावागावांतील वादालाही काही आधार मिळेल आणि सर्वेक्षणाच्या आखणीलाही.

जगात अन्यत्र हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने हाताळला गेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिवी बेटांवरील मूळनिवासींनी 'सँटोस' कंपनीच्या बरोसा वायुप्रकल्पाविरुद्ध दावा लावला. खोदकाम बेटांपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर होते. तरीही समुद्राशी असलेले मूळनिवासींचे परंपरागत नाते लक्षात घेऊन कंपनीने त्यांच्याशी सल्लामसलत करावयास हवी होती, असा निर्णय न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला. अपिलातही तो त्याच वर्षी कायम राहिला आणि खोदकाम थांबले. पुढे नव्याने चर्चा करून कंपनीने परवानगी मिळविली. वाहिनीविरुद्धचा दुसरा दावा जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच जिंकला. प्रकल्प कायमचा रोखण्याची ताकद तिवी लोकांना मिळाली नाही. एवढे मात्र झाले की, त्यांच्याशी न बोलता पुढे जाणे कंपनीला महागात पडले. नॉर्वेची गोष्ट निराळी. तेथे मच्छिमारांचे मूळनिवासीपण सिद्ध करण्याचा प्रश्नच येत नाही. पेट्रोलियम कायद्यातच मच्छिमारांच्या भरपाईचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि सर्वेक्षण जहाजावर मासेमारीचा जाणकार ठेवण्याची पद्धत आहे. तो जवळपासच्या बोटींशी संपर्क ठेवतो.

पाचूबंदर, अर्नाळा किंवा नायगावच्या एखाद्या अनुभवी तांडेलाला असे जहाजावर बसविण्यास नवा कायदा लागणार नाही आणि खर्च म्हणावा तर सर्वेक्षणाच्या एकूण खर्चात तो दिसणारही नाही.

आपल्याकडे मात्र 'संबंध' म्हटले की चर्चा सामाजिक उत्तरदायित्व निधीवर येऊन थांबते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्यातून शाळा, आरोग्य शिबिरे, पाण्याच्या योजना होतात, त्या व्हाव्यातही. पण ही रक्कम कोठे खर्च करावयाची हे कंपनी ठरविते. भरपाई ही हक्काची बाब असते आणि ती नुकसान झालेल्यालाच मिळावी लागते. या दोहोंची गल्लत कंपन्यांच्या सोयीची असली तरी मच्छिमार पुढाऱ्यांनीही काही वेळा ती चालवून घेतली आहे, कारण समाजमंदिर लगेच उभे राहते आणि दावा दहा वर्षे चालतो.

उद्या भरपाईचे सूत्र ठरलेच, तर ते बहुधा बोटींच्या नोंदणीवर आणि सोसायटीच्या डिझेल पुस्तकावर आधारलेले असेल, कारण सरकारला मान्य होईल असा दुसरा कागद गावात नाही. त्यात बोटमालक मोजला जाईल, कदाचित खलाशीही मोजला जाईल. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत घालणाऱ्या आणि टोपली घेऊन वसईच्या बाजारात बसणाऱ्या बायकांची नोंद यांपैकी कोणत्याही पुस्तकात नाही. जाळे रिकामे आले, तर त्यांचा तो दिवस बोटमालकाइतकाच बुडतो.