गोळी आठवते, बाई आठवत नाही

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात, ईस्टर्न मार्केट भागात, सिनेमातल्या एका पात्राचा अकरा फुटी ब्राँझचा पुतळा उभा राहिला. हे पात्र म्हणजे रोबोकॉप, अर्धा माणूस आणि अर्धं यंत्र असलेला पोलीस. पॉल व्हर्होव्हेन या डच दिग्दर्शकाचा याच नावाचा सिनेमा १९८७ साली आला. त्याच्या चाहत्यांनी २०११ मध्ये या पुतळ्यासाठी ६७ हजार डॉलरांहून अधिक वर्गणी जमवली होती. शहराच्या तेव्हाच्या महापौरांनी असा काही बेत नाही असं सांगूनही ते हटले नाहीत. त्यांच्या चिकाटीला दाद द्यायलाच हवी.

पुतळ्याला माझी हरकत नाही. ज्या आठवणीपोटी तो उभा राहिला, त्या आठवणीबद्दल मला बोलायचं आहे.

ज्या मैत्रिणींनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गुन्हेगारीने पोखरलेल्या डेट्रॉइटमध्ये पोलीस दल एका खाजगी कंपनीच्या हाती गेलं आहे. मर्फी नावाच्या पोलिसाला गुंड हालहाल करून मारतात आणि कंपनी त्याच्या देहापासून यंत्रपोलीस बनवते. सिनेमा मूर्ख नाही. कंपनीचं दुसरं एक यंत्र प्रात्यक्षिकाच्या वेळी बैठकीतल्याच एका कर्मचाऱ्याच्या चिंधड्या उडवतं आणि साहेबांना चिंता पडते ती नुकसानीची. सरकारी जबाबदाऱ्या नफ्याच्या हवाली केल्या की काय होतं, हे सिनेमाने चांगलंच दाखवलं आहे.

पण चाहते आठवण काढतात ती कशाची? कार्यकर्त्यांच्या शिबिरांत, चहाच्या वेळी, चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुष सहकाऱ्यांकडून मी या सिनेमाचं वर्णन अनेकदा ऐकलं आहे. लहानपणी व्हिडिओ कॅसेटवर किंवा केबलवर पाहिलेला तो सिनेमा त्यांना आजही तोंडपाठ आहे. एक प्रसंग तर हमखास येतो. रात्रीच्या गस्तीवर रोबोकॉपला दोन पुरुष एका बाईवर हल्ला करताना दिसतात. त्यांतला एक तिला ढालीसारखी पुढे धरतो. रोबोकॉप नेम धरतो, गोळी तिच्या स्कर्टमधून आरपार जाते आणि मागच्या पुरुषाच्या जांघेत बसते. इथे सांगणाऱ्याचे डोळे चमकतात, ऐकणारे टाळी देतात आणि गोष्ट संपते.

सिनेमात मात्र ती तिथे संपत नाही. ती बाई धावत येऊन रोबोकॉपला बिलगते. तो निर्विकार आवाजात सांगतो की तुम्हाला मानसिक धक्का बसला आहे, बलात्कारपीडितांसाठीच्या मदत केंद्राला मी कळवतो. प्रेक्षक हसतात, कारण यंत्राला माया नाही. मला हसू येत नाही. कारण तो ज्या केंद्राचं नाव घेतो तिथे बसणारी बाई म्हणजे मी आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी. गोळीनंतरचं सगळं काम त्या एका वाक्यात आहे, आणि आठवणीतून नेमकं तेवढंच गळून पडतं.

त्या कामात काय काय येतं? सरकारी दवाखान्यातल्या बाकावर तासन् तास वाट पाहणं, तीच हकीकत तीन-तीन जणांना सांगणं, पंचनामा, नमुने, सह्या. एका मैत्रिणीने मला पहिला प्रश्न विचारला तो आरोपीबद्दल नव्हता. पुरावा म्हणून जमा केलेल्या साडीबद्दल होता. "ताई, ती परत मिळंल का? लग्नाला नेसायची तीच एक होती." सिनेमातल्या बाईचा फाटलेला स्कर्टही पुराव्यात जमा झाला असता. तिचं नाव काय, ती घरी कशी गेली, कोर्टात उभी राहिली का, हे चाहत्यांनी कधी विचारलं आहे का?

आता खऱ्या डेट्रॉइटकडे वळू या. २००९ मध्ये तिथल्या पोलिसांच्या एका गोदामात ११ हजारांहून अधिक किट्स धूळ खात पडलेली सापडली. बलात्कारानंतरच्या वैद्यकीय तपासणीत बाईच्या अंगावरून घेतलेले नमुने त्यांत होते आणि ते कधीही प्रयोगशाळेत गेलेच नव्हते. काही तर ऐंशीच्या दशकातले होते, म्हणजे सिनेमाच्याच काळातले. वेन परगण्याच्या सरकारी वकील किम वर्दी यांनी हा विषय लावून धरला. तपासणीला पैसा नव्हता; २०१३ मध्ये तर शहराने दिवाळखोरी जाहीर केली. एका किटच्या तपासणीचा खर्च सुमारे ४९० डॉलर. तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी याच आकड्याच्या नावाने मोहीम काढून वर्गणी गोळा केली. किट्स तपासली गेली तेव्हा एकाहून अधिक बलात्कारांचा संशय असलेले आठशेहून अधिक पुरुष उजेडात आले. पहिल्याच किटची वेळेवर तपासणी झाली असती, तर पुढच्या किती बायका वाचल्या असत्या?

पुतळ्याच्या वर्गणीत सुमारे १३७ किट्स तपासून झाली असती. कुणी आपला पैसा कशावर खर्चावा हे मी सांगणार नाही. पण एकाच शहरात, त्याच वर्षांत, बायकांना वाचवणाऱ्या काल्पनिक पोलिसासाठी वर्गणी निघत होती आणि खऱ्या पोलिसांनी गोदामात टाकलेल्या बायकांसाठी दुसरी वर्गणी काढावी लागत होती. हे दोन्ही शेजारी ठेवून पाहायला नको का?

"ताई, तो उपहास आहे, तुम्हाला कळला नाही," असं मला सांगितलं जातं. कळला आहे. त्याच सिनेमात टीव्हीवर एक ओंगळ विनोदी कार्यक्रम सतत चालू असतो. भोवती बायका घेऊन बसलेला पुरुष एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो आणि लोक खिदळतात. दिग्दर्शकाने टर उडवली ती या खिदळणाऱ्यांची. चाहते मात्र तेच वाक्य आजही लाडाने म्हणतात. मग उपहास कुणाला कळला नाही?

सिनेमालाही मी मोकळं सोडणार नाही. त्यात अॅन लुईस ही मर्फीची जोडीदार पोलीस आहे. नॅन्सी अॅलनने ती उभी केली आहे, धीट आणि कामाला चोख. पण मर्फी एकटा सापडावा म्हणून तिला दूर करायचं होतं, तर काय केलं? लघवी करणारा गुंड वळतो, तिची नजर क्षणभर खाली जाते, तेवढ्यात तो तिला पाडतो. कर्तबगार बाईला चूक करायला लावायची तर तीही असलीच! २०१४ च्या नव्या आवृत्तीत तर लुईसचा पुरुषच करून टाकला. त्या आवृत्तीबद्दल मी ऐकलेल्या तक्रारींत रक्त कमी झालं ही तक्रार होती. बाई नाहीशी झाली ही नव्हती.

हे वेड फक्त परदेशातलं नाही. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये म्हटलं की त्या गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीने मेला, तेव्हा आपल्याकडेही आनंद साजरा झाला. खटला चालला नाही, पुरावा तपासला गेला नाही, त्या व्यवस्थेत कोण कोण चुकलं हे कोर्टासमोर पुरतं आलं नाही. गोळी झाडली की पोलिसांना, सरकारला आणि आपल्यालाही पुढचं काही करावं लागत नाही, हेच त्या टाळीचं खरं कारण आहे.

म्हणून चाहत्यांना माझं सांगणं आहे: सिनेमा जरूर पाहा, पण गोळीपाशी थांबू नका, त्या मदत केंद्रापर्यंत या. आणि मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात बलात्काराच्या किती प्रकरणांतले नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पडून आहेत, किती महिन्यांपासून, आणि किती नमुने पोलीस ठाण्यातून निघालेच नाहीत, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्ज साध्या कागदावर करता येतो. उत्तर आलं नाही तर अपील करा.