ट्रॉलीची खांदमळणी

मोडलेली वस्तु डोळ्यांत भरते, म्हणून तिची दुरुस्ती होते. झिजलेली वस्तु आपलें काम कसेंबसें करीत राहते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचें बिऱ्हाड नाशिक, पुणें अथवा मुंबईस असलें, तरी निफाड, दिंडोरी किंवा सिन्नर तालुक्यांत वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा कोणाकोणाचा अद्यापि आहे, आणि ती जमीन पाहणाऱ्या भावाच्या किंवा पुतण्याच्या अंगणांत ट्रॅक्टर व ट्रॉली उभीं आहेत. सणासुदीस तेथें जाणारी मंडळी ट्रॅक्टरचा रंग पाहते, किंमत विचारते, मुलांस वर बसवून फोटो काढते. परंतु ट्रॅक्टर आणि ट्रॉली ज्या एका पिनेनें जोडलेलीं असतात, ती पिन कोणी काढून पाहिल्याचें आमच्या ऐकिवांत फारसें नाहीं. आज तिच्याविषयींच चार शब्द लिहावे असा विचार आहे.

संस्कृतांत जुवाला ‘युग’ असें नांव आहे. जोडणें या अर्थाच्या ‘युज्’ धातूपासून तो शब्द झाला. योग, युक्ति, संयुक्त हे सारे त्याच घराण्यांतले, आणि इंग्रजींतला ‘योक’ हाहि त्यांचाच दूरचा भाऊबंद. चाक आखावरून निसटूं नये म्हणून घालावयाच्या खिळीस ‘आणि’ म्हणत. मराठींतलें ‘आणि’ हें अव्यय निराळ्या उगमाचें आहे; तथापि दोहोंस एकत्र ठेवण्याचें काम दोघांचेंहि सारखेंच. रथाचा आख निकामी होतांच कैकेयीनें तेथें आपला हात घालून दशरथास सांवरलें व वर मिळविले, ही कथा तर मुलांसहि ठाऊक आहे. एका सांध्यावर केवढें ओझें असतें, हें आपल्या पूर्वजांस चांगलें कळत होतें.

ट्रॅक्टरच्या पाठीशीं दोन ओठांचा लोखंडी जबडा असतो. ट्रॉलीच्या दांडीच्या टोंकास भोंक पाडलेली जाड पट्टी असते; तिला आपण या लेखापुरतें ‘डोळा’ म्हणूं. डोळा जबड्यांत शिरतो व दोहोंमधून उभी पिन जाते. पिन आणि भोंक यांत थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. कारण बांध ओलांडतांना ट्रॅक्टर एका अंगास कलतो, तेव्हां ट्रॉली दुसऱ्या अंगास कललेली असते. पण धूळ आणि कोरडें घर्षण यांमुळें ही मोकळीक वाढत जाते. मग ट्रॅक्टर सुटतांना ती फट विनासायास ओलांडतो, आणि पुढच्याच क्षणीं कित्येक टनांची ट्रॉली त्यास एकदम हिसका देते. ब्रेक लागतांच तीच ट्रॉली मागून धडकते. ओढ होती तेथें आतां घणाचे घाव पडूं लागतात. घावानें फट वाढते, फटीनें घाव वाढतो. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखें हें देणें फुगत जातें. गोल भोंक लांबट होतें आणि पिन मध्यभागीं सुरईच्या मानेसारखी बारीक होते.

येथें थोडें गणित करूं. ३० मिलीमीटर व्यासाची पिन झिजून २७ मिलीमीटर झाली, तर अवघा दहावा हिस्सा गेला असें वाटतें. परंतु छेदाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. तें ८१ टक्के उरलें. वांकण्यास विरोध करण्याचें बळ तर व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत असतें; तें सुमारें ७३ टक्केच उरलें. डोळ्यांस दशांश दिसलेली झीज बळाचा चौथा हिस्सा आणि वर थोडें अधिक घेऊन गेली, व त्याच वेळीं घाव मात्र पूर्वींपेक्षां जड झाले.

हें गणित वहींत राहत नाहीं, रस्त्यावर येतें. लासलगांवची बाजार समिति १९४७ सालची. कांद्याच्या हंगामांत तेथें आणि पिंपळगांव बसवंतास भरलेल्या ट्रॉलींची रांग लागते. अशा ट्रॉलीमागें शाळेस निघालेलीं सायकलवरचीं मुलें असतात, दुचाकीवरचीं जोडपीं असतात. आणि खुरपणीस निघालेल्या बाया पुष्कळदां मधल्या दांडीवरच बसतात. चढावर पिन तुटली तर ट्रॉली मागें घसरते. उतारावर तुटली तर दांडीचें टोंक जमिनींत रुततें, आणि तिच्यावर बसलेलें माणूस चाकाखालीं सांपडतें.

आमच्या एका स्नेह्यांच्या एकत्र कुटुंबांत या गोष्टीवरून दोन दिवस अबोला होता. पुतण्याचें म्हणणें, दुरुस्ती हंगामापूर्वीं करावी. काका म्हणाले, “पण पिन तुटली कोठें आहे?” पुतण्या म्हणाला, “काका, तुटल्यावर ट्रॉली दुरुस्त करतां येईल. माणूस कोठून दुरुस्त करणार?” काकांनीं उत्तर दिलें नाहीं, दुसऱ्या दिवशीं सकाळीं ट्रॉली मात्र रिकामी करवून दिली.

आतां दुरुस्तीचा क्रम सांगतों. ट्रॉली रिकामी करून सपाट जमिनीवर उभी करावी, चाकांस दोन्ही अंगांनीं दगड लावावे, आणि दांडी भक्कम ठोकळ्यावर टेकवावी. एकट्या जॅकवर विसंबूं नये. पिन काढून सर्व भाग रॉकेलनें धुवावे. तडा शोधण्यास आमचा जुना सोबती खडू उपयोगी पडतो: रॉकेल लावून कांहीं वेळ मुरूं द्यावें, कोरडें पुसावें व वर खडूची पूड लावावी. तडा असल्यास त्यांत मुरलेलें रॉकेल वर येऊन पुडींत ओली रेघ उमटते.

झिजलेली पिन वेल्डिंगनें भरूं नये. नवीच घ्यावी, आणि ती योग्य पोलादाची घ्यावी. बांधकामाची सळई तोडून केलेली पिन ही आपत्तीस दिलेलें आमंत्रण होय. ट्रॅक्टरचा जबडा झिजला असेल तर तोहि कारखान्याचा नवा बसवावा. डोळ्याची दुरुस्ती मात्र होऊं शकते. पुष्कळ ठिकाणीं लांबट भोंकांत वेल्डिंगचे थर चढवून तें तसेंच सोडतात. त्या खडबडीत थरावर नवी पिन लौकर झिजते. उत्तम रीत अशी: कोरड्या ठेवलेल्या, लो-हायड्रोजन जातीच्या रॉडांनीं भोंक भरावें, पट्टी जाड असल्यास आधीं ती ऊन करावी, आणि नंतर आपोआप निवूं द्यावी. पाणी ओतून थंड केलेलें पोलाद ठिसूळ होण्याचा संभव असतो. मग भोंक यंत्रावर गोल कातून त्यांत पोलादी बुश दाबून बसवावा. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत हें काम जाणणारे कारागीर आहेत.

या बुशांतच खरी सुधारणा आहे. झिजणें अटळ असेल, तर स्वस्त आणि बदलतां येण्याजोग्या भागानें झिजावें. बुश गेला कीं दुसरा बसवावा. डोळा शाबूत राहतो. त्यास ग्रीसचें निपल ठेवावें, पिनेच्या खालच्या टोंकास चाप लावावा, आणि पिन गेली तरी दांडी जमिनीवर पडूं नये म्हणून दोन साखळ्या तिच्या खालून फुलीसारख्या बांधाव्या. दुचाकी ट्रॉलींत सारें ओझें मागें भरूं नये. दांडी वर उचलली जाते व ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें हलकीं होतात. आणि जोड कधींहि ठरल्या जागेहून उंच घेऊं नये. जोराची ओढ लागतांच ट्रॅक्टर पुढून उचलून मागें उलटूं शकतो.

एकत्र कुटुंबांतहि सांधे घासतात, आणि बुशाचें काम बहुधा कोणा एका गरीब स्वभावाच्या माणसाकडे येतें. पुष्कळ घरीं धाकट्या सुनेकडे. परंतु बुश बदलतां येतो, माणूस बदलतां येत नाहीं. तेथें वंगण वेळेवर घालणें एवढाच उपाय आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाची खांदमळणी करतात. वर्षभर जूं वाहिलेल्या खांद्यास हळद व लोणी चोळतात. रंगविलेलीं शिंगें आणि झूल त्यानंतरचीं. खंडेनवमीस ट्रॅक्टरची पूजा आतां घरोघर होते. यंदा झेंडूची माळ घालण्यापूर्वीं पिन काढावी, पुसावी, मोजावी, ग्रीस लावून परत बसवावी, आणि माप घरच्या वहींत तारखेसह लिहून ठेवावें. पुढच्या खंडेनवमीस वही उघडून तेंच माप पुन्हां ताडून पाहावें.